कयलची चुकीची उडी

माझ्यासाठी एकदा एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं विचारलं, "मुलगी काय करते?" अप्पांनी खरं होतं तेच सांगितलं, "चेन्नईला ऑफिसात बसून व्हिडिओ गेम खेळते."

"आणि पगार?"

"तोही देतात."

बाईंनी कॉफी अर्धी ठेवली. ते स्थळ परत आलं नाही. मला त्याचं दुःख झालं नाही, पण राग आला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., कॉम्प्युटर सायन्स, तेही इथंच, तंजावरात. अप्पांचं कीळवासलला, म्हणजे पूर्वेच्या वेशीजवळ, शिवणकामाचं दुकान होतं. पदवीच्या झग्यातला माझा फोटो त्यांनी तिथं मापाच्या टेपाशेजारी टांगला होता. गिऱ्हाइकानं विचारलं नाही तरी ते सांगायचे. पुढं माझी वैनी आली ती एम.एस्सी. होऊन, पण ती बाहेरून आली. घरातली पहिली मीच. हे मी कुठंही सांगते, म्हणून इथंही सांगितलं.

दिवाळी अंकासाठी लिहा असं संपादकांनी कळवलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. आम्ही तंजावरची मराठी माणसं घरात मराठी बोलतो, बाजारात तमिळ, ऑफिसात इंग्रजी. देवनागरी मला येते ती शाळेत असताना दिलेल्या हिंदीच्या परीक्षांमुळं. पण इतकी वर्षं मी एकाच धंद्यात काढली, आणि त्या धंद्यावर मराठीत कुणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. तेव्हा चुकतमाकत लिहिते.

आधी कामाबद्दल. खेळ बनवणारे लोक तो एकदम पुरा करत नाहीत. अर्धामुर्धा बनवतात, आमच्याकडे पाठवतात, दुरुस्त करतात, पुन्हा पाठवतात. अशा प्रत्येक आवृत्तीला बिल्ड म्हणतात. आम्ही टेस्टर. आम्ही तो बिल्ड मोडून दाखवायचा. खेळणारा माणूस रस्त्यानं पुढं जातो, टेस्टर भिंतीकडं जातो. नोकरीचे पहिले काही आठवडे मी एका किल्ल्याच्या प्रत्येक भिंतीला धडका मारत होते. पुढून, तिरकं, पळत, उडी मारत, रांगत. शेजारचा मुलगा बुरुजाला मारत होता. आम्हाला पदवीधर म्हणून घेतलं होतं.

खेळातल्या भिंती दोन असतात. डोळ्याला दिसते ती नुसतं चित्र. अडवते ती वेगळी, न दिसणारी, चित्राच्या आत बसवलेली. शिंप्याच्या मुलीला हे लगेच कळतं: वरचं कापड आणि आतलं अस्तर. अस्तर कमी पडलं की माणूस भिंतीत शिरतो. जास्त झालं की मोकळ्या हवेला धडकतो. नीट जुळवलं नाही की कुठं तरी झोळ येतोच, आणि तो झोळ शोधून काढायचा आमचा धंदा.

नुसता शोधून भागत नाही. लिहावा लागतो, तीन भागांत. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. "घोडा जमिनीत गेला" असं लिहिलं की बनवणारे उत्तर पाठवतात, आमच्याकडं जात नाही. मग कुठल्या वळणावर, कुठल्या पायानं, लगाम ओढून की सोडून, सगळं लिहून पाठवायचं. एक घोडा नेमका कसा बुडतो ते समजायला मला एक आख्खा आठवडा लागला होता. शेवटी समजलं तेव्हा मी ऑफिसात उभी राहून टाळ्या वाजवल्या. घरी फोन करून सांगितलं, तर आमचा अण्णा, माझा थोरला भाऊ, म्हणाला, "बरं झालं. आता घोड्याला वर काढ."

त्या घोड्याच्या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. परदेशातल्या एका कंपनीचा तो खेळ, बर्फाळ देशातला एक तलवारबाज. दोषांची खाण होती. तुमच्या पाठीमागून जो डोळा सगळं दाखवत असतो, त्याला कॅमेरा म्हणतात. तो खांबामागं जाऊन बसायचा, आणि ऐन लढाईत तुम्हाला फक्त खांब दिसायचा. शत्रूंना जिना चढता यायचा नाही. ते पहिल्या पायरीशी जमायचे, आणि लग्नात पुढची पंगत उठण्याची वाट बघत लोक उभे राहतात तसे शांत उभे राहायचे. मरताना एक जण कण्हण्याऐवजी हसायचा.

पण तलवार! ती शत्रूला लागली की सगळा खेळ पापणी लवेपर्यंत थांबायचा. तेवढ्या थांबण्यानं हाताला वजन जाणवायचं. आम्ही दिवसभर त्या खेळाला नावं ठेवायचो, आणि सुटल्यावर कुणी घरी जायचं नाही, तोच खेळ खेळत बसायचो. त्याच सुमाराला आमच्याकडं दुसरा एक लढाईचा खेळ होता. एकूण एक भिंत नीट. शत्रू हुशार, जिनेबिने चढणारे. आज मला त्याच्या नायकाचं नावसुद्धा आठवत नाही.

दोष असला की खेळ गोड होतो, असं माझं म्हणणं नाही. मी जन्मभर दोष शोधून पोट भरलं, मी असं कसं म्हणेन? माणसानं महिनाभर खेळून साठवलेलं सगळं पुसून टाकणारा दोष मी पाहिला आहे. त्याला क्षमा नाही. पण काही खेळ असे असतात की त्यांचं एकच अंग फार चांगलं असतं, आणि बनवणाऱ्याचा सगळा जीव तिथं गेल्यामुळं बाकीचं तसंच राहून जातं. लोक ते ओळखतात, आणि बाकीचं चालवून घेतात.

माझ्या शेजारी बुरुजाला धडका मारणारा तो मुलगा म्हणजे कदिर. तमिळ, मदुरैकडचा, माझ्यापेक्षा बराच लहान. मला अक्का म्हणायचा. आम्ही तमिळमध्ये बोलायचो, इथं मराठीत लिहिते. त्या बर्फाळ खेळातला शेवटचा खलनायक कुणाकडूनच हरत नव्हता. कदिरनं शोधून काढलं की त्याला मागं रेटत जिन्याच्या तोंडाशी नेलं, की तो जिना न समजल्यामुळं गडगडत खाली जातो आणि मरतो. ऑफिसातली सगळी जमून ते बघायची. कदिरनं तो दोष लिहायला इतका उशीर केला की आमच्या मॅनेजरनं त्याला आत बोलावलं. पुढच्या बिल्डमध्ये जिन्याला कठडा आला. कदिर त्या दिवशी जेवला नाही.

पुढं तो प्रोग्रॅमिंग शिकला आणि चेन्नईतच पाच जणांची स्वतःची छोटी कंपनी काढली. मी तोवर तंजावरला परत आले होते. अप्पा थकले होते, आणि घरून काम करण्याचे दिवस आले होते. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर, वरच्या खोलीत माझे कॉम्प्युटरचे दोन पडदे. एक दिवस कदिरचा फोन आला.

"अक्का, आता दुसऱ्यांचे खेळ पुरे. आपला बनवतोय. टेस्टर तुम्हीच."

खेळ असा: एक जुनं किल्ल्याचं शहर, आणि त्यात कयल नावाची लाठीकाठी खेळणारी मुलगी. कदिर दोन दिवस आमच्याकडं राहून राजवाड्याच्या मनोऱ्याचे फोटो काढून गेला, आणि तसाच एक मनोरा त्यानं खेळातल्या शहराच्या मधोमध उभा केला. काठीचा फटका त्यानं असा जमवला होता की पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, ह्या पोराचा जीव कुठं गेलाय ते. बाकी बिल्ड नेहमीसारखा होता. पहिल्या दिवशी मी त्याला इतके दोष पाठवले की तो म्हणाला, "अक्का, मित्र म्हणून बोलावलं होतं."

"मित्र हवा होता तर चहाला बोलवायचं होतंस."

त्या दोषांत एक उडीचा होता. कयल वार चुकवायला जमिनीवर कोलांटी घेते. कोलांटीतून उठता उठता काठी भिंतीला टेकली आणि त्याच क्षणी उडीचं बटण दाबलं, तर भिंतीचं अस्तर तिला बाहेर ढकलायचं आणि ती सरळ वर, छपरावर जायची. असं व्हायला नको होतं. मी तिन्ही भाग लिहून पाठवलं, गंभीर दोष म्हणून. कदिरनं उत्तर दिलं, नंतर बघतो.

आमच्या धंद्यात कोऱ्या माणसाला फार किंमत असते. कोरा म्हणजे ज्यानं तो खेळ कधी पाहिला नाही असा. आम्ही टेस्टर महिनोन्महिने तोच खेळ खेळून नासलेले असतो. कोरा माणूस एकदाच कामाला येतो, दुसऱ्या खेपेला तोही नासतो. मला मात्र घरातच एक कोरं माणूस मिळालं, आणि ते कधीच नासलं नाही. माझी वैनी.

वैनी ओरत्तनाडूला सरकारी शाळेत गणित शिकवते. संध्याकाळच्या बसनं येते, पाय धुते, कॉफी घेते. तिला मी पहिल्यांदा वर बसवलं तेव्हा तिनं कंट्रोलर, म्हणजे खेळ चालवायचा बटणांचा ठोकळा, दोन्ही हातांनी हळदीकुंकवाच्या तबकासारखा धरला.

"अगे, हा माणूस मला कां मारतो? मी ह्याचं काय केलं?"

"तो शत्रू आहे, वैनी. तू मार."

"ओळख ना पाळख. आधी विचारू तरी दे."

तेवढ्यात तिला मार बसला. घाबरून तिनं असतील तेवढी बटणं एकदम दाबली. कयलनं कोलांटी घेतली, काठी भिंतीला टेकली, आणि ती मिठाईवाल्याच्या छपरावर जाऊन उभी राहिली. शत्रू खाली माना वर करून बघत राहिले.

वैनीनं तबक मांडीवर ठेवलं. "हे मी केलं?"

"तूच केलंस."

"पुन्हा कसं करायचं?"

त्या दिवसापासून ती शाळेतून आली की कॉफीनंतर थोडा वेळ वर यायची, छपरांवर उड्या मारायची आणि खाली स्वयंपाकाला जायची. कथेत तिला काडीचा रस नव्हता. अप्पा कधी जिना चढून आले तर दारातूनच म्हणायचे, "त्या पोरीला खाली उतरवा गे. पडेल."

दोनेक महिन्यांनी चेन्नईत एका प्रदर्शनात कदिरनं खेळ लोकांपुढं मांडला. मीही गेले. दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग कॉलेजातल्या एका मुलीच्या हातून ती उडी झाली. ती किंचाळलीच. मैत्रिणींना हाका मारल्या. तासाभरात आमच्या टेबलापाशी गर्दी, आणि कुणीही पुढं जाईना. कदिरनं दोन वर्षं घासून बसवलेली काठीची लढाई सोडून सगळे छपरावर.

"अक्का, लाज वाटते," तो माझ्या कानाशी म्हणाला. "मी बनवलेलं कुणी बघत नाही. माझी चूक बघायला रांग लागलीय."

"रांग तर लागलीय ना?"

"माझी चूक आहे ती!"

घरी पोचून मी पुढचा बिल्ड उतरवला, तर उडी गेलेली. कदिरनं अस्तर पुन्हा कापून चोख बसवलं होतं. मी सगळ्या भिंती तपासल्या. एक दोष नाही. इतका स्वच्छ बिल्ड त्यानं मला कधी दिला नव्हता. मी हिरवी खूण करून मोकळी होणार होते. एवढ्यात वैनी आली, बसली, थोडा वेळ खेळली.

"ह्या पोरीला काय झालं?" तिनं विचारलं. "बरं नाही का तिला?"

"काही झालं नाही. नीट केलीय तिला."

"हं." वैनीनं कंट्रोलर खाली ठेवला. "मग तूच खेळ."

मी खेळले. टेस्टर म्हणून नाही, दार लावून, नुसतीच. शत्रू आला, मी कोलांटी घेतली, मारलं. पुढचा आला, मारलं. सगळं बरोबर होतं आणि थोड्याच वेळात माझा हात फोनकडं गेला, बघू कुणाचा मेसेज आलाय का. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्याकडं एक दोष आहे, आणि तो लिहायला हवा.

मी नेहमीच्या रीतीनं लिहिला. काय केलं: कोलांटीतून उठताना काठी भिंतीला टेकवून उडी मारली. काय व्हायला हवं होतं: कयल छपरावर जायला हवी होती. काय झालं: कयल जमिनीवरच राहिली. तीव्रता: सर्वांत वरची.

पाचच मिनिटांत फोन.

"अक्का, थट्टा करताय?"

"ह्या नोकरीत मी कधी थट्टा लिहिलीय?"

"तुम्हीच गंभीर दोष म्हणून पाठवला होता!"

"पाठवला होता. आता ती उडी नाही, हा गंभीर दोष म्हणून पाठवलाय."

"ऐका. महिनाअखेर बिल्ड तपासणीला जाणार." खेळ विकायचा तर ज्यांच्या यंत्रावर तो चालणार त्यांची तपासणी पार करावी लागते. खेळणारा कुठं अडकून पडला, बाहेर येताच येत नाही असं झालं, तर ते खेळ परत पाठवतात. "परत आला तर पुन्हा रांगेत उभं राहायला आमच्याकडं महिने उरलेले नाहीत. आम्हां पाचही जणांना घरी बसावं लागेल. उडी ठेवली की शहरात जिथं जिथं भिंत तिथं तिथं एक भोक. कोण शोधणार ती?"

"मी."

"सगळी?"

"दुसरं काय येतं मला?"

मग मी बोलू नये ते बोलले. "काय रे, त्या खलनायकाला जिन्यावरून ढकलून द्यायचास तो कोण होता? कठडा आला त्या दिवशी जेवला नाहीस तो कोण?"

"तो खेळ माझा नव्हता," कदिर म्हणाला. मग म्हणाला, "एकही भोक राहिलं तर माझी कंपनी जाते, अक्का. तुमची नाही."

"माहीत आहे."

उडी परत आली. महिनाभर मी त्या शहराच्या एकेका भिंतीवरून वर गेले. जिथून कयल शहराबाहेर पडत होती तिथं मी खूण करायची आणि कदिर काही तरी उभं करायचा. कुठं पाण्याची टाकी, कुठं वाळत घातलेल्या साड्या, कुठं नारळाचं झाड. खेळात तुम्हाला विनाकारण एखादं झाड दिसलं तर समजा, तिथं भोक होतं. माझे अंगठे सुजले. अप्पा तिळाचं तेल गरम करून चोळायचे आणि म्हणायचे, "माझी बोटं सुईनं गेली, तुझी ह्यानं."

शेवटच्या दोन दिवसांत मला एकही भोक सापडलं नाही. शहर बंद झालं होतं. मी कदिरला तसं कळवलं. तपासणीला पाठवायच्या आदल्या दुपारी, शनिवार होता, वैनी घरी होती. म्हटलं, आता एकदा कोऱ्या माणसाच्या हाती देऊ.

खेळ सुरू झाला. कयल वेशीत उभी, समोर रस्ता. वैनीनं तिला वळवलं आणि ती वेशीकडं, उलट चालू लागली.

"तिकडं काही नाही, वैनी. पुढं जा."

"मागं काय आहे ते बघते. मी वर्गात शिरले की आधी मागच्या बाकाकडं बघते. सगळं तिथंच चाललेलं असतं."

वेशीचा दरवाजा बंद होता. त्याच्या बगलेला एक हात लांबीची भिंत. वैनीनं तिथं कोलांटी घेतली, काठी टेकवली. कयल वर गेली, वेशीच्या पलीकडं गेली, आणि पडायला लागली. शहर वर वर गेलं, लहान झालं, दिसेनासं झालं. नुसतं निळं.

"ही कुठं चालली?"

"खाली."

"किती खाली?"

"खाली संपतच नाही."

हा खेळ मी किती वेळा सुरू केला असेल ते मोजता येणार नाही. आणि दर वेळी, सुरू झाल्या क्षणी, माझे अंगठे आपोआप पुढं गेले होते. आमची चूक ही अशीच असते. जिथून आम्ही रोज निघतो ती जागा आम्ही बघत नाही. चेन्नईतल्या पाच जणांनीही पाहिली नव्हती, सगळे पुढं पळणारे. तपासणी करणारा मात्र कोरा असतो, आणि तो पहिली पाच मिनिटं सगळ्यांत कसून बघतो.

कदिरला फोन लावला. मी तिन्ही भाग सांगितले. तो हं हं करत होता, मग ते थांबलं. मागून बटणांचा आवाज ऐकू आला. तो स्वतः करून बघत होता.

"पडतेय," तो म्हणाला.

"हो."

"अजून पडतेय."

"कदिर, उडी काढायची असेल तर आत्ता काढ," मी म्हटलं. "स्वच्छ बिल्ड आहे तुझ्याकडं. मी काही म्हणणार नाही."

हे मी मनापासून म्हटलं. पाच घरं होती. एका उडीसाठी ती उघडी पडायला नको होती.

वैनी माझ्या शेजारी उभी होती, तिनं फोन माझ्या हातातून घेतला. तमिळमध्ये, वर्गातल्या आवाजात, धाकट्या भावाला हाक मारावी तशी म्हणाली, "तंबी, मी अक्काची वैनी. दारापाशी गाडी उभी करा की. आमच्या शाळेच्या फाटकाजवळची भिंत पडकी आहे, आम्ही तिथं हेडमास्तरांची स्कूटर लावतो. कुणी चढत नाही."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. दोन वर्षांत कदिर असा हसलेला मी ऐकला नव्हता. संध्याकाळच्या बिल्डमध्ये वेशीच्या बगलेला एक बैलगाडी उभी होती, गवत भरलेली. बैल नव्हते, बैल रेखाटायला वेळ नव्हता. वैनीनं त्या गाडीवरून जायचा खूप प्रयत्न केला. जाता आलं नाही. मी हिरवी खूण केली आणि हात धुऊन जेवायला गेले. जेवण गेलं नाही.

तपासणी पार पडली. शेऱ्यात लिहिलं होतं की कॅमेरा काही ठिकाणी खांबामागं जातो. त्याला काही इलाज नव्हता, तो कॅमेरा आम्ही जातीनं नीट केला असता तर अजून एक वर्ष गेलं असतं.

खेळ बाजारात आला. फार गाजला नाही, बुडालाही नाही. कंपनी आहे, पाचाचे सहा झालेत. खेळांवर लिहिणाऱ्यांनी कॅमेऱ्याला शिव्या दिल्या, त्या वाजवी होत्या. एकानं लिहिलं की शत्रू मंद आहेत आणि कथा कशी संपली ते कळलं नाही, तरी तो रोज रात्री छपरांवर जातो. काहींनी तक्रार केली की उडी दर वेळी लागत नाही, ती नीट करावी. कदिरनं ते मला पुढं पाठवलं, खाली एकच शब्द: "अय्यो."

काही आठवड्यांनी कुणा अनोळखी खेळणाऱ्यानं एक व्हिडिओ टाकला. छपरावरून छपरावर, तिथून गवाक्षावर, असं करत तो मनोऱ्याच्या टोकापर्यंत चढला होता. तिथवर कुणी जाऊ शकेल असं आमच्या स्वप्नातही नव्हतं, मी स्वतः अर्ध्यातून पडून सोडून दिलं होतं. वर काहीच नव्हतं. मनोऱ्याची मागची बाजू तर रंगवलेलीसुद्धा नव्हती, खालून दिसत नाही म्हणून आम्ही ती कोरी करडी सोडली होती. तो माणूस तिथं जाऊन उभा राहिला, चारी बाजूंना बघितलं, आणि खाली लिहिलं, "इथं काही नाही. सबंध रविवार गेला. मजा आली."

कदिरचा फोन आला. मला वाटलं, आता म्हणेल, टोकाला झाकण बसवतो.

"अक्का, मागची बाजू रंगवायला दोन दिवस लागतील."

"मग?"

"रंगवतो. पुढचा कुणी चढेल तेव्हा त्याला काही तरी दिसू दे."

रंगवलेला बिल्ड आला. तपासायला मलाच वर जावं लागलं. मी किती वेळा पडले ते सांगत नाही. वैनी शेजारी बसून "डावीकडं गे, डावीकडं" करत होती आणि मला डावीकडं जाऊ देत नव्हती. शेवटी पोचलो. कदिरनं चुन्याचा रंग दिला होता, मधे मधे उडालेला, आमच्या राजवाड्याचा उडालाय तसा. टोकाला एक दगडी पायरी बसवली होती, एका माणसापुरती. तिथून सगळं शहर दिसत होतं, त्यातली झाडं, टाक्या, साड्या.

कंट्रोलर थोडा वेळ सोडला की कयल काठी मांडीवर घेऊन खाली बसते. मी तो सोडला. ती त्या पायरीवर बसली आणि कमरेपर्यंत दगडात गेली.

वैनी हसत सुटली. मी कदिरला फोन लावला.